पेढीचा बांध आणि चीनची नदी

(वलगाव. पेढी नदीकाठचं घर, ओसरी. आभाळ भरून आलेलं.)

प्रणाली : ...म्हनून म्हनते बाबा, बांध चढवला का गाळ आतच बसते. नदीचा तळ वर येते. मंग पुन्हा बांध चढवा. चीनच्या पिवळ्या नदीचं हेच झालं. हजारो वर्षं बांधच चढवून राहिले ते. आता नदी काठच्या गावाईच्या वरून वाहते!

पंजाबराव : गावाच्या वरून? म्हंजे बांध पक्का असन लेकाईचा. माती कोन्ती होती?

प्रणाली : मी कौतुक नाई करून राहिली, बाबा.

पंजाबराव : तू तुह्या कॉलेजातल्या पोराईले भूगोल शिकव, मले नको शिकवू. तुह्या सासऱ्यानं, त्या पुंजाजीनं, मांगच्या साली समोरचा बांध चढवला का नाई? सारं पानी माह्या तुरीत घुसलं.

पार्वताबाई : त्याच्या आंधी तुमी चढवला होता. तवा त्याईची कपाशी गेली.

पंजाबराव : तू कोनाकडून हाय व?

पार्वताबाई : मी? लेक त्या काठाले देली, तवाच मी दोन्हीकडची झाली.

पंजाबराव : यंदा मी चढवतच नाई. उद्या सकायी पुंजाजी अचलपूरले लग्नाले चालला. तो यष्टीत बसला का गावातल्या अश्विनचा जेसीबी भाड्यानं लावतो अन् त्याचा बांधच फोडतो. येऊ दे मंग पूर!

प्रणाली : बाबा! माह्यं घर हाय तिकडे!

पंजाबराव : तुह्यं घर उंचावर हाय. वावर बुडन फकस्त.

प्रणाली : चीनमंदी अडतीस साली जपानी फौज चालून आली. तिले अडवाले चिनी फौजेनं ह्याच नदीचा बांध फोडला. लाखो मानसं मेली.

पंजाबराव : जपानी?

प्रणाली : चिनी. त्याईचीच. जपानी थांबले थोडे दिवस, मंग दुसऱ्या रस्त्यानं गेले.

पंजाबराव : हं... कोन्त्या बाजूनं फोडला होता?

प्रणाली : काय?

पंजाबराव : बांध. वरच्या अंगानं, का खालच्या?

पार्वताबाई : घ्या! रातभर रामायन आयकलं, अन् सकायी रामाची सीता कोन!

प्रणाली : काल मामाजीनंबी हेच इचारलं.

पंजाबराव : पुंजाजीनं? त्याले काऊन सांगतलं तू हे?

प्रणाली : त्याईलेबी समजवाले गेली होती. त्याईनंबी अश्विनलेच सांगून ठेवलं हाय. परवाचं. तुमी परवा बाळापूरले आत्याकडे जाता ना?

पंजाबराव : माहा बांध फोडते? आरं, इवाई हाय का दुश्मन! माय-बाप राह्यतेत ना तुहे इथं. बोलली नाई तू त्याले?

प्रणाली : बोलली. तुमचं घर उंचावर हाय म्हने.

पंजाबराव : पाह्य! पाह्य कसा मानूस हाय!

प्रणाली : आठ दिवस मोठा पानी सांगतला हाय, बाबा. मले लय भेव वाटते. तुमाले अन् मामाजीले नाई वाटत काय?

पंजाबराव : भेव कायचं? त्याच्या आंधी माहा नंबर हाय.

पार्वताबाई : जाऊ दे, पोरी. पानी उतरेलोक तू इथंच राह्य.

प्रणाली : परवा इथला फुटते, आई.

पार्वताबाई : मंग तिकडेच राह्य.

प्रणाली : तिकडला उद्या.