कुंकू लावलेली पेटी

नाही हो ताई, दानपेटी नाही ती — तुमचीच आहे, तुमच्या संस्थेची, तक्रारपेटी. कुंकू मी लावलं. झेंडूचा हारही घातला होता, वाळला म्हणून परवा काढला. हसू नका — बरं, हसा, हसण्यासारखंच आहे ते. आमच्याकडे घरात नवीन वस्तू आली की तिला कुंकू लागतं, मग ती गिरणीची मोटर असो नाहीतर लेकाचा टेम्पो, आणि ही तर चांगली निळी, पत्र्याची, कुलूपकिल्लीसकट आलेली. तुमच्याच सुनिल सरांनी स्वतः खिळे ठोकले माझ्या ओटीवर. म्हणाले, जयवंतीकाकी, बायका तुमच्याकडे येतात-जातात, गुरुवारी पूजेला जमतात, पेटी इथेच शोभते. मूळ ती गोदामाच्या दाराशी लावायची होती, होय ना? आणि किल्ली मुंबईला? — असं होय. ते मला आज कळतंय. किल्ली तर माझ्या पदराला होती. दर शनिवारी उघडायची आणि आत असेल ते सरांच्या हातात द्यायचं, असं मला सांगितलेलं. विश्वासाचं माणूस म्हणून.

बसा ना, पाटावर बसा, खुर्चीचा पाय डुगडुगतो — भूकंपाच्या धक्क्यांनी नाही, आधीपासूनच. तुम्ही कशाला आलात ते ठाऊक आहे मला. सगळ्या झरी गावाला ठाऊक आहे. वरच्या पाड्यातल्या दक्षानं तुमच्या नंबरावर फोन केला, सरांनी गोदामात तिचा हात धरला म्हणून. सर म्हणतात पोरगी खोटं बोलते, तंबू मिळाला नाही म्हणून डूख धरलाय. आता तिच्या बाजूनं आणखी कुणी बोलतंय का ते तुम्ही बघताय. कुणीच बोललं नाही तर पुढच्या आठवड्यात सर कैनाडला जाणार, तिथलं वाटप सुरू करायला. विनोदनं सांगितलं. विनोद माझा लेक. तुमच्याच संस्थेचा टेम्पो चालवतो, सरांनीच लावलं त्याला. सकाळी निघताना चपला घालता घालता म्हणाला, आई, तुला काही माहीत नाही, कळलं? मी मान डोलावली. मग मी काय सांगणार तुम्हाला? मला काही माहीत नाही. मी आपली व्रतं करणारी बाई.

नाव गुप्त राहील म्हणता? अहो, तुमची पांढरी गाडी मघापासून माझ्या दारात उभी आहे, समोरची बुधीबाई कधीची तांदूळ निवडतेय — तेच ते तांदूळ, तिसऱ्यांदा. झरीत कसलं गुप्त! राहू दे. पाणी घ्या.

आणि सर वाईट होते असं मी म्हणणार नाही. म्हणजे — तसे वागायला गोड. मार्गशीर्षात गुरुवारी आले की हातपाय धुऊन बसायचे, वरीचा भात मागून घ्यायचे, काकी तुमच्या हाताला चव आहे म्हणायचे. ह्यांनी जन्मात कधी म्हटलं नाही ते. दिवाळीनंतर भुई हलायला लागली तेव्हा आमच्याकडे आधी कोण आलं? फोटो काढणारे आले, मोजणारे आले, पण तंबू घेऊन सरच आले. दुपारी भाकरी थापावी तर तवा चुलीवर सरकायचा, बघा. भिंतींचे पोपडे कढईत. बायका पोरं घेऊन शेतात जाऊन बसायच्या, थंडीच्या, आभाळाखाली. तेव्हा मी आईला, आमच्या महालक्ष्मीला, बोलले — भुई शांत कर, दर सोमवारी सूर्य उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. ह्यांनी लगेच हात जोडले. म्हणाले, एकच वार कशाला, आठवडाभर धर, भुईचं मी बघतो. असे आहेत हे. आता तलासरीला गेलेत बाजाराला, येतीलच.

काय सांगत होते — पेटी. मी कुंकू लावलं आणि बायका तिला हात लावून डोळ्यांना लावायला लागल्या. फटीतून तांदळाचे चार दाणे टाकायच्या, हळदीची चिमूट टाकायच्या. तक्रार कोण टाकणार? लिहिता येतं कितीजणींना? आणि जिला येतं तीसुद्धा देवीसमोर माणसाचं गाऱ्हाणं कशाला नेईल, आपलंच काही चुकलं असेल म्हणेल. सरांना मी हे सांगितलं तर इतके हसले, इतके हसले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, राहू द्या काकी, चांगलंच आहे. मला तेव्हा ते हसणं मायेचं वाटलं.

पहिल्या शनिवारी उघडली तर तांदळाखाली दोन टोकनं. पिवळी टोकनं, तुम्हाला माहीतच असतील, सर्वे झाला तेव्हा घरटी एक दिलेलं, नंबर घातलेलं — ते गोदामात दाखवायचं, तंबू न्यायचा, दोन चादरी न्यायच्या. मला गंमत वाटली. म्हटलं ह्या वेड्या, तंबू मिळू दे म्हणून टोकनच वाहून बसल्या आईला! आता हे नेल्याशिवाय तंबू कसा मिळणार? म्हणून मी पदरात बांधून नेली आणि सरांच्या हातात दिली. म्हटलं, बिचाऱ्यांना कळत नाही हो, तुम्हीच बोलावून द्या त्यांना तंबू. सरांनी नंबर वाचले. हसले नाहीत त्या दिवशी. म्हणाले, मी बघतो.

एक टोकन काळीचं होतं. काळी इथली खालच्या आळीतली, नवरा वापीला कंपनीत, घराची मागची भिंत बसलेली. दुसऱ्याच दिवशी मी नदीकडून येते तर ही दोन सागांना साडी बांधून आत बसलीय, पोर मांडीवर खोकतंय. म्हटलं, अगं काळी, तंबू कुठाय? म्हणाली, यादीत नाव नाही. म्हटलं, असं कसं, तू पेटीत टोकन टाकलेलंस ना, मी स्वतः सरांकडे पोचवलं की! तिनं माझ्याकडे बघितलं, ताई. त्या गुरुवारपासून ती माझ्याकडे पूजेला आली नाही. मला वाटलं पोराच्या आजारपणामुळे. आता तुम्हीच सांगा, मला कसं कळावं? टोकन टाकणं ही तक्रार असते हे कुणी सांगितलं होतं मला? तुमच्या माणसांनी मोठा फलक लावला भिंतीवर, तंबूच्या बदल्यात कुणी काही मागितलं तर सांगा, मदत फुकट आहे, खाली फोनचा नंबर. तो — तो त्या कॅलेंडरच्या मागे आहे. खिळा तिथेच होता. मी मुद्दाम नाही टांगलं.

मला काही कळलं नाही. म्हणून तर दुसऱ्या शनिवारी चार निघाली, त्यातली तीन मी पुन्हा नेऊन —

काय?

हो, चार निघाली. तीन दिली. बरोबर ऐकलंत.

थांबा — थांबा, हलू नका. जाणवलं ना? तांब्यातलं पाणी बघा. झालं, झालं, बारका होता. भांडी वाजली नाहीत म्हणजे बारका. बसा ताई, घाबरू नका, कौलं शाकारलेली आहेत. — आज व्हायचाच होता तो.

एक का ठेवलं म्हणता. तुम्ही काही म्हणत नाही, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. वही मिटून बसलात, मी हो म्हणाल्याशिवाय लिहायचं नाही असा तुमचा नियम, आणि तोंड असं ठेवलंय की माणसानं स्वतःहूनच सांगावं. मीही अशीच बसले होते. अगदी अशीच, ह्याच ओटीवर, तुमच्या जागी मी आणि माझ्या जागी दक्षा. उखळात हळद कुटत होती. आमच्याकडे कामाला येते ती, एकोणीस पुरी नाही, आई नाही, बाप असून नसल्यासारखा. तो सोमवार होता. माझं मौन. आणि त्या पोरीला वाटलं असेल, काकी आज मधे बोलणार नाही, तर आजच सांगून टाकावं. मुसळ खालीवर, खालीवर, आणि माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. सर म्हणाले, टोकनावर माझी सही लागते, वाटप संपलं की एकटी ये. गेली बिचारी. त्यांनी गोदामाचं दार लावलं. हात धरला. पुढचं ती बोलली ते तिनं तुम्हाला सांगितलंच असेल, मी माझ्या तोंडानं नाही सांगणार. ताडपत्र्यांच्या ढिगावरून उडी टाकून मागच्या खिडकीनं पळाली. ओढणी तिथेच राहिली. टोकन मुठीत राहिलं. आणि म्हणाली, काकी, मी एकटी नाही, काळीला पण असंच बोलावलं होतं, ती गेलीच नाही, तिनं टोकन तुझ्या पेटीत टाकलं. आम्हाला वाटलं पेटी मुंबईला जाते.

मी काय केलं? मला बोलायचं नव्हतं ना. मी बोट केलं पेटीकडे. टाक म्हटलं, बोटानं. तिनं हळदीच्या हातानं टोकन आत टाकलं आणि पुन्हा मुसळ उचललं. संध्याकाळी दिवा लावला, मौन सुटलं, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला सांगू? ह्यांना म्हटलं, भात उतरवा. मंगळवारी नाही बोलले. बुधवारी विनोद नवा शर्ट घालून टेम्पोवर गेला, कपाळाला टिळा लावला मी त्याच्या. गुरुवारी सर वरीचा भात जेवून गेले. मी वाढला, ताई. ह्याच हातानं. तूप हवंय का विचारलं. शनिवारी पेटी उघडली, चार निघाली, आणि मला चारींचा अर्थ ठाऊक होता — आता ठाऊक होता — तरी तीन दिली. दिली नाहीत तर सर विचारतील, काकी ह्या खेपेला काहीच नाही? मग विनोदचं काय. दक्षाचं तेवढं ठेवलं. एका पोरीला झाकलं आणि तिघींना — त्या तिघींनाही तंबू मिळाले नाहीत. तेही मला माहीत आहे. नवस सोमवारचा होता आणि मी ते मौन साती वारांना पाळलं. भुई काही थांबली नाही. कशी थांबेल?

आठ दिवस पोरीनं माझ्या तोंडाकडे बघत केर काढला. मग एक दिवस केर काढता काढता कॅलेंडर उचललं, नंबर हातावर लिहून घेतला, आणि चारोटीला जाऊन फोन केला. मला विचारलं नाही. कशाला विचारेल?

रडत नाहीये मी. चुलीचा धूर आहे. — बरं, चूल पेटलेली नाही, तुम्हाला दिसतंय ते.

लिहा. हो म्हणते ना, उघडा ती वही. जयवंती, झरी. असंच लिहा, गुप्त नको, बुधीबाईचे तांदूळ फुकट जायला नकोत. लिहा की पहिल्या शनिवारी दोन आणि दुसऱ्या शनिवारी तीन टोकनं मी सुनिल सरांच्या हातात दिली, त्यांनी नंबर वाचले, आणि त्या पाचही जणींची नावं यादीतून गेली. दक्षाला तंबूसाठी डूख असता तर तिनं टोकन जपलं असतं, पेटीत टाकलं नसतं. हे लिहिलंत? आणि हे घ्या. देवीच्या पाटाखाली ठेवलं होतं. एकशेबारा नंबर. ही हळद आहे, तिची बोटं आहेत ही, दोन इकडे आणि अंगठा मागे — पुसू नका, तसंच पाकिटात घाला. तुमच्या साहेबांसमोर यायला सांगाल तर येईन. मुंबईला म्हणाल तर मुंबईला येईन, पण गाडी मला लागते, लिंबू घेऊन येईन. विनोद बोलणार नाही माझ्याशी थोडे दिवस. त्याला दोन हात आहेत, टेम्पो दुसऱ्याचाही चालवता येतो. बोलेल मग. माझाच आहे तो.

आणि कैनाडला पेटी लावाल ना, ती कुणाच्या ओटीवर लावू नका. माझ्यासारखीच्या तर नकोच. किल्ली गावात ठेवू नका. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय टाकायचं तेही आधीच सांगा. काळीकडे जाऊ नका आज, तुमची गाडी बघून ती घाबरेल. तिला मी सांगेन. तिच्या पाया पडेन म्हणते. उद्या जाईन.

आज का नाही? — आज वार कोणता, ताई? फोनमध्ये बघू नका, मला माहीत आहे.

हो. दुपारी तुमची गाडी वळली तेव्हा मी आईसमोरच बसले होते, हात जोडून, तोंड मिटून. मघाशी भांडी वाजली असती तर कदाचित मी गप्प झाले असते. नाही वाजली. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं घेतला म्हणा. असू दे. आई इतकी कोती नसेल.

आता निघा तुम्ही. हे येतील, आणि दिवे लागायला अजून दोन तास आहेत. चपला तुमच्या डावीकडे, तुळशीपाशी. — नाही, आता विचारू नका काही. जेवढं बोलायचं होतं तेवढं झालं. उरलेला सोमवार मला पाळू द्या.