पहिली सर्व्हिस माझी

आमची वाडी पोलादपूरच्या अलीकडं, गावाच्या शेवटाला. गावाचं नाव लिहू नका, लिहिलंत तर बाकीची गावं सुटतील. आठवीत शाळा सुटली आणि मी महाडच्या एसटी डेपोत टायर बदलायला लागलो. तिथं कामगार संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायचे. शंकरराव मेकॅनिक मला म्हणाले, गंगाराम, टायर उचलून तुझे हात तयार झालेत, आता नुसती उडी शीक. शिकलो. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षांत असा स्मॅश मारायला लागलो की समोरचा बॉल अडवायच्या ऐवजी तोंड झाकायचा. डेपोकडून जिल्ह्याचं अजिंक्यपद आणलं, तेव्हा गाववाले सांगत फिरले, आमचा गंगाराम हाय. आमचा, बरं का.

मग मी वाडीतली सहा पोरं तयार केली. भात कापून झालं की गावात सामने व्हायचे, शेतातली ढेकळं फोडून, चोपून मैदान करायचे. रीत अशी की आदल्या वर्षी जिंकलेल्या टीमच्या कॅप्टननं जाळ्यापाशी नारळ फोडायचा आणि पहिली सर्व्हिस मारायची. एका वर्षी पाचाड गावच्या टीमला हरवून आमी जिंकलो. म्हणजे पुढच्या वर्षीचा मान माझा.

पुढच्या वर्षी मैदानावर गेलो तर सरपंच गोड आवाजात म्हणतात, गंगाराम, तुमी लोक बुद्धाचे झालात, नारळ फोडत नाय, मग गुरव फोडील, सर्व्हिस पाटलांचा मुलगा मारील, तू मांडवात बस, च्या घे. बघा हुशारी. बापानं देव सोडले तेव्हा हेच लोक वाडीवर रुसले होते, आता तेच मला माझा धर्म शिकवत होते.

मी म्हणालो, नारळ मी फोडणार नाय, खरं हाय. पण बॉल काय देवाचा हाय? आणि बॉल उचलून रेषेवर जाऊन उभा राहिलो. सरपंच म्हणाले, अरे ठेव तो, मुहूर्त टळतोय. मी म्हणालो, टळू द्या. तेवढ्यात पाचाडचा कॅप्टन दगडू, शेतकरी माणूस, पलीकडून ओरडला, अवो, आमी हरलो ते याच्याशी, पाटलांच्या पोराशी नाय. मारू द्या त्याला, नायतर आमी चाललो, घरी मळणी पडलीय.

मारली मी. दगडूच्या हाताला लागून बॉल थेट मांडवात, सरपंचांच्या कपातल्या च्यावर. दगडू म्हणाला, साल्या, एवढी जोरात मारायला मी तुझी बाजू घेतली काय.

त्याच्या पुढच्या वर्षापासून आमच्या टीमचं नाव घेणंच बंद झालं. कधी म्हणे अर्ज उशिरा आला, कधी म्हणे जागा भरल्या. मग वाडीच्या बायांनी पडीक जमीन चोपून दिली, जाळं आमीच विणलं, आणि मी शिकवायला लागलो. आज तिथं वाडीची पोरं हायत, पोलादपूरच्या मुली हायत, पाटलांचा पुतण्यापण येतो. त्याला मी सांगितलंय, इथं प्रत्येकानं मैदान झाडायचं.

परवा गावचे दोघं आले, म्हणाले, कोच, यंदा सामन्यांना प्रमुख पाहुणे तुमीच, शाल देणार. मी म्हणालो, शाल तुमाला ऱ्हाऊ द्या, आधी माझ्या पोरांचं नाव सामन्यात लिहा. ते म्हणाले, विचारून सांगतो. मी म्हणालो, विचारा. पोरांना म्हणालो, कपडे धुऊन ठेवा, नाव लिहिलं नाय तरी सकाळी आपण त्या रेषेवर जाऊन उभं ऱ्हायचं.