लग्नाचा नंबर

बायनाबाई : आधी पानी पी. मंग सांग काय सांगायचं ते. डोळे बग कसे लाल झालेत.

अंगद : झोप न्हाई आत्या तीन दिवसांपसून. ती बाजंवरची पिशवी जरा सरकवू का? घडीभर टेकतो.

बायनाबाई : पिशवीला हात लावू नको. हिकडं बस, पोत्यावर.

अंगद : बरं. आत्या, परवा रोहिणीला हळद हाय.

बायनाबाई : मालूम हाय. परवा हळद, तेरवा लगीन. बारा पस्तीसचा मुहूर्त. शिरूरचं मंगल कार्यालय.

अंगद : तुला कुनी सांगितलं?

बायनाबाई : आमच्या सुग्रीव दूधवाल्यानं. त्याच्या फोनात पत्रिका हाय. चरवीत दूध घालता घालता दाखवली. म्हनला, बायनाक्का, तुमच्या भाचीची पत्रिका काय झ्याक केलीया, वरून फुलं पडतेत. मी म्हनलं, हाव, पडतेत. आन चरवी घिऊन आत गेले. बाईमानसानं दूधवाल्यापुढं रडायचं आसतंय का?

अंगद : आत्या...

बायनाबाई : सगळ्या गावाला फुलं पडलेली दिसली. सख्ख्या आत्याच्या हातावर अक्षतीचा एक दाना न्हाई.

अंगद : तुला बी पाठवलती गं.

बायनाबाई : कुटं पाठवलती?

अंगद : फोनवर.

बायनाबाई : हे घे फोन. माझ्या पोरानं, सोमेश्वरनं दिलाय, कंपनीतून तोंड दावतो मला त्याच्यात. काढ पत्रिका. दाव मला.

अंगद : न्हाई त्याच्यात. न्हाई हे मला मालूम हाय. तेच सांगायला आलोय.

बायनाबाई : मंग पाठवली म्हन्तोस कावून?

अंगद : नीट ऐक. मी लग्नासाठी नवीन सिम घेतलं. लग्नाचा नंबर. मांडववाला, आचारी, फोटोवाला, सगळ्यांचं त्याच एका नंबरावर. जुनं सिम काढून डबीत टाकलं, डोकं उठायचं नुस्तं त्या जुन्या फोनांनी. मंग यादी केली. तीनशे ऐंशी मानसं. पत्रिका टाकली आन एकदाच बोट दाबलं. मला वाटलं, गेली सगळ्यांला.

बायनाबाई : आन?

अंगद : त्याचं आसं आसतंय आत्या, ज्याच्या फोनात आपला नंबर लिहून ठिवलेला आसल, त्यालाच ते जातं. माझा जुना नंबर सगळ्या सोयऱ्यांकडं हाय. नवा कुनाकडंच न्हाई. हे मला म्हाईतच नव्हतं.

बायनाबाई : मंग गेली तरी कुनाला?

अंगद : माझ्या दोस्तांला. मांडववाल्याला. आचाऱ्याला. ज्यांला त्या नंबरावरून बोललतो त्यांला. त्या पोरांनी मंग आपापल्या फोनवर सगळ्यांला दिसल आशी लावली. सुग्रीवकडं तशीच आली आसल.

बायनाबाई : मंजे आचाऱ्याला आवतन गेलं आन आत्याला न्हाई.

अंगद : हसू नको आत्या.

बायनाबाई : मी हसत न्हाई बाबा. तुला कवा कळलं हे?

अंगद : परवा. आचारी इचारायला लागला, किती पानं धरू. मी सगळ्यांला निरोप टाकला, येनाऱ्यांनी कळवा. सत्तर जनांनी कळवलं. म्हनलं, म्हातारी मानसं, त्यांला काय फोनवर लिहिता येतंय, येतील आपली. मंग केजहून मामाचा फोन आला दादाला. म्हनले, दाजी, भाचीचं लगीन झालं का व्हायचंय अजून?

बायनाबाई : आगं माय. मामाला बी न्हाई?

अंगद : न्हाई.

बायनाबाई : वनमाला काय म्हनली?

अंगद : माय काय म्हनल. भावालाच आवतन न्हाई म्हनल्यावर. पदर तोंडाला लावून चुलीपशी बसली. तवापसून धड जेवली न्हाई.

बायनाबाई : आन तुझा बाप?

अंगद : दादानं देव्हाऱ्यापुढची अक्षतीची वाटी घेतली, कुकवाचा करंडा घेतला, म्हनले, जीप काढ. काल सकाळपसून हिंडतोय. शिरूरकडची झाली, मामाकडं जाऊन आलो. एक्केचाळीस घरं राहिलीत. ज्याच्या दारात जावं तो म्हन्तो, आता आलाव व्हय? एकानं तर पानी बी इचारलं न्हाई.

बायनाबाई : वरातीमागून घोडं न्यायचं मंजे आसंच आसतंय. दोन गावं रोज केली आसती तर महिन्यात झालं आसतं.

अंगद : तेच तर वाचवायला गेलतो मी. थोरल्या ताईच्या लग्नाला दादा वीस दिवस गावोगाव हिंडले, मालूम हाय ना तुला? पाय सुजून खांबावानी झालते. लग्नात उभं ऱ्हाता येईना. म्हनलं ह्या बारीला म्हाताऱ्याला हिंडवायचं न्हाई. घरी बसू द्यायचं, पावन्यांसंगं बोलू द्यायचं. म्हून केलं आत्या. दुसरं काय मनात नव्हतं.

(अंगदचा फोन वाजतो.)

अंगद : हां, बोल... लाल न्हाई भाऊ, पिवळे. ग्रुपवर मतदान झालंय की... पिवळेच लाव. मी बाहेर हाय. ठिवतो.

बायनाबाई : कशाचं मतदान?

अंगद : मांडवाच्या पडद्यांचं. रंग कोनता लावायचा म्हून.

बायनाबाई : पडद्याचं इचारलं लोकांला. बरं केलं.

अंगद : तू बोल आत्या, अजून बोल. दोन दिवस सगळेच बोलायलेत.

बायनाबाई : मी तुला दोनदा फोन लावला. म्हनलं पोरगं गडबडीत आसल, काय लागलं सवरलं तर इचारावं. बंद. परत लावला. बंद.

अंगद : डबीत होतं ना ते सिम.

बायनाबाई : मला काय ठावं डबीत हाय? मला वाटलं, बद्रीनं सांगितलं आसल पोराला, आक्काचा फोन उचलू नको.

अंगद : दादा आसं कावून सांगतील?

बायनाबाई : तू लेकरू हायस, तुला न्हाई कळायचं. मागल्या आखितीला मी आलते ना तुमच्याकडं. आमच्या सोमेश्वरला रोहिणी मागितली. आत्याच्या घरी भाची देत्यात, पयल्यापसून चालत आलंय. बद्री म्हनला, पोरीला इचारतो. पोरगी न्हाई म्हनली. बरं, न्हाई तर न्हाई, तिची जिंदगी हाय. पन जाता जाता मी एक शब्द बोलले. म्हनलं, आता तुमाला मोठे जिमिनवाले सोयरे लागतेत. गरिबाची बहीन कशाला पायजे.

अंगद : मी होतो तवा अंगनात.

बायनाबाई : मंग तू ऐकलं आसशील. बद्री कायच बोलला न्हाई. बोलला आसता, शिवी दिली आसती, तर बरं झालं आसतं. त्या दिवसापसून मी वाट बगते, तो शब्द त्यानं पोटात ठिवलाय का टाकून दिला. पत्रिका आली न्हाई तवा म्हनलं, ठिवलाय.

अंगद : ठिवला न्हाई आत्या. यादीत पयलं नाव तुझं हाय. दादानंच सांगितलं, पयलं आक्काचं लिही. हे बग. दिसतंय का? एक नंबर, बायनाआत्या. पुढं मी हिरवी खून केली, झालं म्हून. दादानं दोनदा इचारलं, आक्काला गेलं का? मी म्हनलं, गेलं.

बायनाबाई : हिरवी खून.

अंगद : हाव. चल तू. रोहिणी म्हनती, पयली हळद आत्याच्या हातची. आत्या आल्याबिगर मी पाटावर बसनार न्हाई. तिचं डोकं कसं हाय तुला मालूम हाय.

बायनाबाई : एक इचारते, खरं सांग. ते मला आलं आसतं फोनात, तर तू आज आला आसतास का हितं?

अंगद : न्हाई. खोटं कशाला बोलू. तुला बी फुलं पडलेली दिसली आसती आन मी म्हनलो आसतो, आत्याचं झालं.

बायनाबाई : खरं बोललास. म्हून राग येत न्हाई तुझा.

अंगद : मंग चल. मी आलोय ना मुराळी.

बायनाबाई : मुराळी भाऊ आसतो रं. भाच्याला कोन मुराळी म्हन्तं? माझं लगीन झालं तवा बद्री येवढासा होता. दर सनाला न्यायला यायचा मला. मुराळी आल्याबिगर लेक माहेराची वाट धरती का? एकदा एष्टी नेकनूरलाच बंद पडली. तिथून पायी आला, डोईवर मायनं दिलेली शेवयांची पाटी घिऊन. पायाला फोड आलते. मला म्हनला, आक्का, सासूला सांगू नको मी रडलो म्हून. आन तोच बद्री आज पोराला पाठवून देतोय. तो कावून न्हाई आला?

अंगद : काम हाय त्यांला.

बायनाबाई : काल दारोदार हिंडला, आन बहिनीच्या दारात यायला काम हाय?

अंगद : आत्या, दादा फाट्यावर हायेत.

बायनाबाई : कोनत्या फाट्यावर?

अंगद : तुमच्याच. जीपमंदी बसलेत. अक्षतीची वाटी मांडीवर घिऊन. मला म्हनले, तू पुढं हो, आक्का काय म्हनती बग, मंग मला फोन लाव. मी म्हनलं, तुमीच चला ना. तर म्हनले, कोनत्या तोंडानं जाऊ? ती शब्द बोलली तवाच मी दुसऱ्या दिवशी जायला पायजे होतं. वरीस घालवलं. आन आता आसं झालं.

बायनाबाई : आसं म्हनला?

अंगद : हाव.

बायनाबाई : कवापसून बसलाय?

अंगद : मी तिथून निघाल्यापसून. घंटा झाला आसल. त्याच्या आधी आर्धा घंटा आमी दोघं बी बसलतो तिथंच. त्यांचा पाय खाली उतरंना.

बायनाबाई : त्या फाट्यावर सावली न्हाई. येक बाभळ होती, ती रस्तेवाल्यांनी तोडली.

अंगद : मालूम हाय.

बायनाबाई : पानी हाय का त्याच्यापशी?

अंगद : बाटली हाय. गरम झाली आसल. लावू का फोन? ये म्हन तू नुस्तं, लगीच येतील.

बायनाबाई : नको लावू.

अंगद : आत्या, आता नको ना ताणू.

बायनाबाई : ताणत न्हाई. ठिव ते खिशात. फोनवर ये म्हनलं तर यील तो. आन माझ्या उंबऱ्यात मान खाली घालून उभा ऱ्हाईल. ते मला बगवायचं न्हाई. मीच जाते.

अंगद : फाट्यावर? ह्या उन्हात चालत?

बायनाबाई : तू कसा आलास?

अंगद : चालतच.

बायनाबाई : मंग मला काय धाड भरलीया?

अंगद : पन मुराळ्याला न्यायला बहीन जाती का कुटं?

बायनाबाई : बसून राहिला उन्हात तर जावं लागतंय. तुझे आतोबा रानातून आले की त्यांला सांग म्हून शेजारच्या केसरबाईला सांगते. कुकू त्याच्याच हातानं लावून घेईन मी, तिथंच, जीपमंदी. किती घरं राहिली म्हनलास?

अंगद : एक्केचाळीस.

बायनाबाई : वाटंनं नावं वाच. कोनाच्या दारात आधी जायचं आन कोन पानी इचारनार न्हाई ते मी सांगते. खुंटीवरची छत्री घे, बद्रीच्या डोक्याला ऊन लई लागतं. तांब्या भरून घे माठातला.

अंगद : घेतला. चल.

बायनाबाई : आन ती पिशवी घे बाजंवरची. महिना झाला भरून ठिवलीया.