रावसाहेबांचे चाळीस सेकंद

...चाळीस सेकंद! अहो, चाळीस सेकंदांत माणसाला पायातली चप्पल सापडत नाही, आणि या पठ्ठ्यांनी तेवढ्यात उठायचं, धावायचं, अंडं गाठायचं आणि संपायचं! कोण म्हणून काय विचारता? माशाचे शुक्राणू! लाजताय काय? मी वीस वर्षं हेच करतोय. सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "जावईबापू, कामावर नेमकं काय करता?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं त्या माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलल्या!

तर तुम्हाला सांगतो, आमचं समुद्री माशांचं पैदास केंद्र. शेडमध्ये टाक्या, टाक्यांत हे मोठाले मासे, आणि सहा नंबरच्या टाकीत आमचे रावसाहेब. नऊ किलोचा नर! बोटाएवढा होता तेव्हापासून मी वाढवलाय, बादली वाजली की वर येतो, माझ्याकडे टक लावून बघतो... आमच्या चिरंजीवांनी कधी बघितलं नाही हो असं! पण टाकीत वाढलेल्या नराची एक खोड असते. खाणार मजेत, फिरणार ऐटीत, आणि वीर्य म्हणाल तर थेंबभर, तेही चिकासारखं घट्ट. मग द्या हार्मोनचं इंजेक्शन! दिलं. दोन दिवसांनी गुंगीच्या पाण्यात घातला, मांडीवर घेतला, पोट पुसलं, हळूच दाबलं, सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि सुटलो बोळातून डॉक्टरबाईंच्या खोलीकडे. बाई म्हणजे आमच्या शास्त्रज्ञ, वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की थेट न्यायाधीश!

"काका, शून्य. एकही हलत नाहीये."

"नीट बघा बाई, झोपले असतील."

"काका, ते झोपलेलेच असतात. समुद्राचं पाणी लागलं की उठतात, चाळीस सेकंद धावतात, खलास. मी पाणी घातलं, एकही उठला नाही."

चाळीस सेकंद! अहो, हे मला सांगता? येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना मीच सांगत असतो! बरं, इंजेक्शन वाढवलं. वीर्य आलं भरपूर, छान पातळ. शून्य! आणखी वाढवलं. सिरिंज भरून वाहायला लागली. शून्य! आज सकाळी बाई म्हणाल्या, "काका, हा नर काढून टाका." काढून टाका म्हणजे निवृत्ती नव्हे हो, सुरी! म्हटलं, "बाई, एकदा टाकीपाशी तर या. ज्याला मारताय त्याचं तोंड तरी बघा!" बाई कधी टाकीकडे फिरकत नाहीत, एकदा घसरून पडल्या होत्या ना तिथे... पण आल्या. भिंतीला धरून धरून आल्या.

मी शेवटचं म्हणून रावसाहेबांना मांडीवर घेतलं. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! टॉवेल टाकीत बुडवला, जरासा पिळला आणि मायेनं पोट पुसायला लागलो, तोच बाई किंचाळल्या, "काका! टॉवेल ओला?"

"मग? कोरड्यानं अंग खरचटतं हो त्याचं!"

"आणि हे पाणी कसलं?"

"समुद्राचं..." म्हटलं, आणि तुम्हाला सांगतो, तोंड उघडं ते उघडंच राहिलं! चाळीस सेकंद! टॉवेलचं पाणी ओघळून सिरिंजमध्ये जायचं, पठ्ठे तिथेच उठायचे, जिवाच्या आकांतानं धावायचे, आणि मी आपला डुलत डुलत बोळातून... बाईंच्या टेबलावर पोचायची ती नुसती प्रेतं!

मग काय विचारता! कोरडा कपडा आणला, सूक्ष्मदर्शक टाकीपाशी आणला, बाईंनी थेंब ठेवला, वर पाणी सोडलं आणि ओरडल्या, "काका, नव्वद टक्के!" मी डोळा लावला. अहो, काय ती झुंबड! शाळा सुटली म्हणावी अशी! मी नाचलो, बाई नाचल्या, दोघंही घसरलो! पलीकडच्या मादीची अंडी तयारच होती, लगेच मिसळली, दुपारी बघतो तर फळली! रावसाहेब वाचले! मी बादली वाजवली, ते वर आले, मी म्हटलं, "जिंकलास रे माझ्या राजा!"

मागे वळलो तर बाई ओल्या जमिनीवर बसलेल्या. मांडीवर खोलीतून आणलेलं लाल बांधणीचं जाडजूड पुस्तक. त्यांचा प्रबंध हो, गेल्याच आठवड्यात मंजूर झालेला! "टाकीत वाढलेल्या नरांच्या शुक्राणूंचा ढासळता दर्जा." तीन वर्षांचं काम, चारशे नमुने... आणि चारशेच्या चारशे पोटं मी पुसलेली!

मी हळूच शेजारी बसलो, उगाच पहिलं पान उलटलं. आभार. त्यात छापलंय, "टाकीवरच्या काकांच्या हातांशिवाय हे निष्कर्ष निघालेच नसते."

आता तुम्हीच सांगा... यात खोटं काय आहे?