खंडेनवमीची खापरी

आमचं गाव देहूरोडवरनं चाकणला जाताना मधी लागतं, इंद्रायणीच्या काठाला. आता तिथं कंपन्याच कंपन्या झाल्यात, पन माझ्या जल्माच्या येळंला निस्ती ज्वारी आन् हरबरा. बाप शेतकरी, आजा शेतकरी, आन् मी हा असा तारंत हात घालनारा निघालो. देहूरोडला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपात लागलो, स्वातंत्र्य मिळून सात-आठ वरसं झाली आसतील तवा. तिथं एक मद्रासी हवालदार हुता, त्यानं मला गाडीचं वायरिंग शिकिवलं. म्हनायचा, दिवा लागंना तर आदी बल्बाला हात लावू नको, ईज कुठनं येती आन् कुठनं माघारी जाती ते बघ. माघारी जायाचं लोक इसरत्यात बघा. मानसाचं बी तसंच हाय, पन ते ऱ्हाऊ द्या.

तर दादा, म्हंजी माझे वडील, आमी त्यांना दादाच म्हनायचो, त्यांना माझं काम अजाबात पसंत न्हवतं. काय सांगू तुम्हाला, खंडेनवमीला आमच्या घरात नांगराचा फाळ, कोयता, कुऱ्हाड, खुरपी समदी धुऊन घोंगडीवर मांडायची, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आन् एकदा पुजलं का दुसऱ्या दिशी दसऱ्याचं सोनं लुटून हुईस्तवर हत्याराला हात लावायचा न्हाई. त्यांचा बी इसाव्याचा दिस. तर तीन वरसं दादांनी माझी पक्कड आन् पेचकस त्या घोंगडीवर ठिवू दिलं न्हाई. म्हनायचे, ह्यानं दाना पिकतो का? मी आईपाशी रडलोय, खोटं कशाला बोलू. चवथ्या वरसाला काय मनात आलं त्यांच्या, म्हनले ठिव, कडंला ठिव. मी सकाळपास्नं धा येळा जाऊन बघून आलो, पकडीवरचं कुंकू.

आन् नेमकं त्याच दिशी, दिवस बुडायच्या टायमाला, देहूरोडचे डॉक्टर दारात हुभे. त्यांची जुनी विलायती गाडी, काळी, म्होरल्या मडगार्डांवर दोन दिवं बसीवल्यालं, बेडकाच्या डोळ्यावानी. गाडीत चाकणचा एक गडी, त्याची बायको घरी अडलेली, दोन दिस झालं हुतं. डॉक्टर म्हनले, सोपान, इंजिन चालतंय, हॉर्न वाजतोय, पण पुढचे दिवे बिडीच्या टोकाएवढेसुद्धा पेटत नाहीत, आणि रस्ता बैलगाड्यांनी भरलेला. तो गडी म्हनतोय, मी कंदील घिऊन म्होरं पळतो, तुमी मागनं या. चार कोस पळनार हुता त्यो, राव.

मी आत वळलो पक्कड घ्यायला. दादा दारातच. म्हनले, पुजलेल्या हत्याराला हात लावायचा न्हाई. मी म्हनलं, दादा, बाई अडलीया. ते म्हनले, हात हायेत न्हवं तुला?

मला रागच आला. आज हात लावला तर फुडं जल्मात माझं हत्यार त्या घोंगडीवर बसनार न्हाई हे मला ठावं, आन् न्हाई लावला तर ती चाकणची बाई. तसाच रागानं जाऊन बॉनेट उघाडलं. बॅटरी बरी, तारा बऱ्या. मग दिव्याच्या बुडाला बोट फिरीवलं तर चिकाट. रंग. म्हनलं डॉक्टरसाहेब, हे रंगवलं कुनी? डॉक्टर जरा लाजले, म्हनले रविवारी मीच, दसऱ्यासाठी, दिवे काढून अगदी खालपर्यंत दोन हात दिले. आता सांगा. दिव्यातली ईज त्याच्या बुडातनं मडगार्डाच्या पत्र्यात उतरून माघारी बॅटरीला जायाची, आन् डॉक्टरांनी तिच्या वाटंवरच रंग थापलेला. लोखंडाला लोखंड भेटंचना. एवढा शिकल्याला मानूस, पोटातलं पोर आडवं का उभं ते हातानं वळखायचा, आन् हे न्हाई कळलं.

पन रंग खरवडू कशानं? कोयता पुजंत, खुरपं पुजंत. तवा दादा परसातनं आले आन् माझ्या हातात फुटक्या कौलाची खापरी दिली. म्हनले, ही न्हाई पुजलेली. आईनं लुगडी वाळत घालायची तार सोडली, ती वाकवून वाकवून मी हातानंच तोडली. दिव्याची दांडी खरवडली, खाली बंपराचा बोल्ट खरवडला, तार गुंडाळली दोनीकडं, मग दुसऱ्या दिव्याला तसंच. नखं फुटली माझी. डॉक्टरांनी बटन दाबलं आन् समोरचा आमचा गोठा उजळला, बैलं दावं तोडाया लागली. आई म्हनली, बया. त्यो गडी माझ्या पायाच पडाया लागला, त्याला म्हनलं पड नंतर, आदी गाडीत बस.

मुलगी झाली. डॉक्टर दुसऱ्या दिशी माघारी जाताना सोनं द्यायला थांबले तवा कळलं, बाळ-बाळंतीन दोगी बरी. दादांनी आपट्याचं पान घेतलं, टोपीत खोवलं.

फुडल्या वरसाच्या खंडेनवमीला मी आंघोळ करून येतोय तर घोंगडीवर पक्कड मधी, फाळाच्या शेजारी, आन् तिच्याजवळ ती खापरी, धुतलेली. सालभर कुठं जपून ठिवली हुती देव जाने. मी म्हनलं दादा, ही कशाला? म्हनले, ही राबली न्हाई व्हय त्या दिशी? तिला बी कुंकू लाव.

दादा गेले, आई गेली. आता चाकणला पोराचं ग्यारेज हाय, गाडीला वायर लावली का पडद्यावर बिघाड लिवून येतो. त्या पडद्याला बी नवमीला हार घालतो त्यो, आन् दिसभर बंद ठिवतो, गिऱ्हाईक बोंबलू दे. पन पयलं कुंकू खापरीला. सूनबाईनं एकदा कचरा म्हनून टाकली हुती, उकिरड्यातनं हुडकून आनली मीच. एक कोपरा गेलाय तिचा. माझे बी दात गेलेत. चालायचंच. तुमी नवमीला या, पुरनपोळी खाऊन जा. निस्तं हे तुमचं लिवायचं पेन तेवढं घरी ठिवून या, त्याचा बी इसाव्याचा दिस आसतो.