शून्यानं भागून पाहिलेलं यंत्र

अकोल्याच्या कॉलेजातल्या त्या संख्याशास्त्राच्या खोलीची आठवण निघाली की आता हसू येतं गं, पण तेव्हा रडायचंच बाकी होतं. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथं हंगामी लागले होते. कपाशीच्या वाणांचे आकडे कागदावर गुणता गुणता बोटं आखडायची. अशात एक दिवस एक माणूस विजेवर चालणारं हिशेबाचं यंत्र विकायला घेऊन आला. आमच्या विभागाच्या सरांना पसंत पडलं, तरच ते राहणार होतं.

सर मोर्शीकडचे, शेतकरी घरातले. म्हणाले, "विहिरीवरचं इंजिन घ्यायच्या आधी आमी ते नुसतं चालू ठेवतो अन् हात लावून पाहतो. बाई, कधी संपणारच नाही असं एखादं गणित आहे का?"

"शून्यानं भागा ना, सर," मी बोलून गेले. ते यंत्र भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकीच करायचं, आणि शून्य कितीदाही वजा केलं तरी आकडा संपणार कसा?

बटण दाबताच यंत्र जे खडखडत सुटलं ते थांबेचना. मी दचकून टेबलच घट्ट धरलं. सरांनी यंत्रावर तळहात ठेवला. "तापलं तर नाही. पण टेबल काहून इतकं हलून राहिलं? असं यंत्र आपल्याले नाही चालत."

विकायला आलेल्या माणसाचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा ते गुणाकार उभे राहिले. त्यानं यंत्र बंद केलं. खोली शांत झाली, टेबल मात्र हलतच होतं.

सरांनी टेबल धरलेल्या माझ्या हातांकडं पाहिलं.

"यंत्र राहू द्या," ते त्या माणसाला म्हणाले, "अन् बाईले पाणी द्या."