ओळखीचा आलेख

दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. मुलीची आई आत होती, तपासणीला.

"बाबा, हा गोल कशाचा काढलाय?"

"डॉक्टर म्हणाले, ही दिवसभर काय करते ते मांडून आणा. अर्धा गोल झोप, पाव खिडकी, उरलेला माझ्याशी भांडण."

"गोलात नुसते वाटे कळतात. आजार वाढतोय का, ते बघायला रेघेचा आलेख लागतो."

"तोही काढलाय. तिनं मला रोज किती वेळा ओळखलं, त्याचा."

"बघू. एक तारखेला नऊ, दहाला चार... कालचा ठिपका राहिलाय."

"काल एकदाही नाही ओळखलं. शून्याचा ठिपका कुठे देतात?"

"खालच्या आडव्या रेघेवर, बाबा."

"पेन दे."